मेंदूचे अकाली वार्धक्य
मानवी पेशीत सामान्यतः ४६ गुणसूत्रे असतात. डाऊन संलक्षणात एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत अधिक असते, हे फ्रान्समध्ये जेरोम लेजून व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये दाखविले. अल्झायमर रोगात मेंदूत साचणारे अमिलॉइड ज्या प्रथिनापासून बनते, त्याचे जनुक याच गुणसूत्रावर असते. त्यामुळे डाऊन संलक्षण असलेल्या बहुतेकांच्या मेंदूत चाळिशीपर्यंतच हे साठे आढळतात.

वार्धक्य मात्र एका तपासणीत उमगत नाही. त्याच माणसांची स्मृती, रक्त व मेंदू वर्षानुवर्षे तपासावा लागतो आणि त्यासाठी अखंड द्रव्यसाहाय्य हवे. क्रिस गोपालकृष्णन यांच्या प्रतीक्षा न्यासाने २०१४ मध्ये बेंगळुरू येथील भारतीय विज्ञान संस्थेस मेंदू संशोधनासाठी दहा वर्षांकरिता २२५ कोटी रुपये देऊ केले. तेथील मेंदू संशोधन केंद्राने पुढे कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूर भागात पंचेचाळिशी गाठलेल्या १०,००० ग्रामस्थांचा असा दीर्घ अभ्यास योजिला.

डाऊन संलक्षण असलेल्यांचे आयुर्मान आता पुष्कळ वाढले आहे. आईवडील थकल्यावर त्यांची स्मृतीही ढळू लागली, तर त्यांना कोणी सांभाळावे? त्यांच्यासाठीही असाच दीर्घ अभ्यास व्हावयास हवा.