बोक्याला शुगर निघाली

माणसांच्या औषधांच्या दुकानात मांजराची चिठ्ठी नेली की काउंटरपलीकडचा माणूस आधी चिठ्ठीकडे बघतो, मग आपल्याकडे. पेशंटच्या नावापुढे 'बाबू, बोका, वय ९' असं लिहिलेलं असतं. थोडं हसू होतं. मग तो फ्रिजमधून ग्लार्जिन इन्सुलिन काढतो आणि हाताला लागेल ती सिरिंज पिशवीत टाकतो. घरी सगळ्यांना धास्ती असते ती सुईची, पण जपायला हवं ते इथे, या काउंटरवर.

आपल्याकडे इन्सुलिन मुख्यतः दोन ताकदींत मिळतं. वर्षानुवर्षं खपणाऱ्या साध्या बाटल्यांत एका मिलिलिटरला ४० युनिट असतात आणि त्यांची सिरिंज लाल टोपीची. ग्लार्जिनमध्ये सहसा एका मिलिलिटरला १०० युनिट असतात, त्याची सिरिंज केशरी टोपीची. लाल टोपीच्या सिरिंजमध्ये एकच्या रेघेपर्यंत ग्लार्जिन ओढलं, तर एक नव्हे, अडीच युनिट जातात. मोठ्या माणसाला दीड युनिट इकडेतिकडे झालं तर बहुधा निभावून जातं. चार किलोच्या बोक्याला तेवढ्याने फिट येऊ शकते. बरं, केशरी टोपीची सिरिंज मिळाली म्हणजेही काम संपलं असं नाही. १ मिलीच्या सिरिंजवर सहसा दर दोन युनिटांना एक रेघ असते, तिच्यावर एक युनिट अंदाजानेच धरावं लागतं. म्हणून ०.३ मिलीची सिरिंज मागायची. तिच्यावर एकेक युनिटाची रेघ असते, काहींवर अर्ध्याचीही. दुकानात नसेल तर मागवून घ्यायची. एक दिवस उशीर परवडतो.

हा उशीर परवडतो, हे वाक्य नव्याने निदान झालेल्या घरांना पटत नाही. ग्लुकोमीटरवर ३८० दिसतं आणि घरातले आजोबा, ज्यांना स्वतःची १८० साखर झोपू देत नाही, ते म्हणतात, 'डोस वाढवायला सांग त्या डॉक्टरला.' पण मांजर खातंपितं असेल, उलट्या नसतील, लघवीत कीटोन (इन्सुलिनअभावी चरबी जळताना तयार होणारे आम्ल घटक) नसतील, तर ३८० साखरेवर ते काही दिवस सहज काढतं. साखर ४०वर उतरली तर मात्र हिशेब तासांचा होतो. पहिल्या पंधरवड्यातली सगळी शिस्त या एका गोष्टीभोवती फिरते: वरची साखर उतरवायची घाई करायची नाही आणि ती फार खाली जाणार नाही यावर डोळा ठेवायचा.

निदानाकडे वळू. मांजरांचा मधुमेह बहुतेक वेळा आपल्या टाइप-२ सारखा असतो. स्वादुपिंड इन्सुलिन बनवतं, पण शरीर त्याला दाद देत नाही. मग बनवणाऱ्या पेशी थकतात, त्यांच्यात अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचे थर साचतात. माणसाच्या टाइप-२ मध्ये नेमकं हेच घडतं. मध्यम वय ओलांडलेला, नसबंदी झालेला, फ्लॅटमध्ये वाढलेला, वजनदार बोका हा ठरलेला उमेदवार. खाज किंवा तोंडाच्या सुजेसाठी वारंवार स्टेरॉइडची इंजेक्शनं घेतलेलं मांजरही त्याच रांगेत.

घरच्यांच्या लक्षात काय येतं? पाण्याचं भांडं सारखं रिकामं होतं. लिटर बॉक्समधल्या वाळूचे गोळे मुठीएवढे होतात, कधी त्यांना मुंग्या लागतात. बोका खा-खा खातो आणि तरी पाठीचा कणा हाताला लागतो. काही मांजरं मागच्या पायांनी टाच टेकवून, बसल्यासारखी चालतात. उडी मारून ओट्यावर जाणारा बोका ओट्याकडे नुसता बघत राहतो. वाढलेल्या साखरेने नसांवर झालेला हा परिणाम आहे. उपचारांनी तो बराचसा भरून येतो, पण त्याला आठवडे-महिने लागतात.

मात्र दवाखान्यात एकदा साखर जास्त आली म्हणून मधुमेह म्हणता येत नाही. पिंजरा, रिक्षा, शेजारचा भुंकणारा लॅब्राडोर, एवढ्या भीतीनेच मांजराची साखर ३०० च्या घरात जाऊ शकते. म्हणून जाणते डॉक्टर लघवीतली साखर बघतात आणि फ्रुक्टोसामिनची तपासणी सांगतात. तिच्यातून मागच्या साधारण एक-दोन आठवड्यांची सरासरी कळते, त्या दिवशीचा धसका तिच्यात मोजला जात नाही. लक्षणं आणि तपासण्या जुळल्यावरच इन्सुलिन.

आता डोस. जागतिक पातळीवरच्या मार्गदर्शक सूचना साधारण असं सांगतात: मांजराच्या योग्य वजनाच्या किलोमागे पाव ते अर्धा युनिट, दर बारा तासांनी. म्हणजे बहुतेक घरांत सुरुवात एका युनिटाने, सकाळ-संध्याकाळ. 'योग्य वजनाच्या' हे शब्द महत्त्वाचे आहेत. सात किलोच्या गोलमटोल बोक्याचा हिशेब साडेचार-पाच किलोवर करायचा असतो. शेवटचा आकडा तुमचे पशुवैद्यच ठरवतील, या लेखातून नाही. पण त्यांनी एक युनिट लिहिलं म्हणून ते भित्रे आहेत असं समजू नका. ग्लार्जिनचा परिणाम पूर्ण दिसायला काही दिवस जातात. पाच-सात दिवसांच्या आत, साखर खाली गेल्याशिवाय, डोसला हात लावायचा नसतो. आज वाढवला, उद्या पुन्हा वाढवला, की चौथ्या दिवशी ते सगळे डोस मिळून साखर खाली ओढतात.

बारा तासांचं गणित घराच्या दिनक्रमात बसवणं हे इन्सुलिन टोचण्यापेक्षा अवघड. सकाळी सात आणि संध्याकाळी सात ही वेळ कागदावर छान दिसते. विरारहून चर्चगेटला जाणाऱ्या माणसासाठी ती निरुपयोगी आहे. साडेपाच-साडेपाच किंवा नऊ-नऊ, जी रोज पाळता येईल ती धरा. अर्धा-एक तास मागेपुढे झाल्याने काही बिघडत नाही. एखादा डोस चुकलाच तर पुढच्या वेळी दुप्पट द्यायचा नाही, तो सोडून द्यायचा. आणि फ्रिजवर एक कागद लावा. आईने दिलं की बाबांनी, या गोंधळात दोनदा इन्सुलिन जाणं ही फार नेहमीची चूक आहे. दिलं की टिक करायची, टिक नसेल तर आधी विचारायचं.

प्रत्यक्ष टोचणं मात्र कल्पनेपेक्षा सोपं. बाटली फ्रिजच्या मधल्या खणात, बर्फाच्या कप्प्यापासून लांब ठेवा. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी फेकून द्यायचं. ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ असतं, ते हलवायचं नाही आणि गढूळ दिसलं तर वापरायचं नाही. प्राण्यांसाठीचं दुधाळ इन्सुलिन मिळालं असेल तर ते मिसळण्याची रीत वेगळी, ती बाटलीसोबतच्या कागदावर बघा. त्या इन्सुलिनची ताकद ४० असते, म्हणजे सिरिंजही बदलली. औषध ओढल्यावर बुडबुडे टिचकीने वर आणून काढून टाका, कारण एका युनिटात छोटा बुडबुडाही बराच वाटा खातो.

बोका खात असताना त्याच्या मागे किंवा बाजूला बसा. छातीच्या किंवा कमरेच्या बाजूची सैल कातडी अंगठा आणि दोन बोटांत वर उचला. कातडीचा छोटा तंबू होतो. तंबूच्या तळाशी, अंगाला साधारण समांतर सुई घाला, दट्ट्या दाबा, सुई काढा. मानेमागची कातडी सगळ्यांना सोयीची वाटते, पण तिथे रक्तपुरवठा कमी, त्यामुळे बाजूची जागा बरी. रोज जागा थोडी बदला. सुई इतकी बारीक असते की खाण्यात गुंतलेला बोका बहुधा कानही हलवत नाही. मग बोटांनी केस चाचपा. ओले लागले, इन्सुलिनचा तो दवाखान्यासारखा वास आला, तर औषध केसांत गेलं. सुई तंबूच्या दुसऱ्या बाजूने बाहेर निघाली की असं होतं. किती आत गेलं, किती बाहेर, हे कळायला मार्ग नसतो, म्हणून पुन्हा टोचायचं नाही. पुढच्या वेळेची वाट बघायची. सिरिंज एकदाच वापरायची आणि जाड प्लॅस्टिकच्या डब्यात टाकायची, ओल्या-सुक्या कचऱ्यात नाही. कचरा वेचणाऱ्या बाईंच्या हातांचाही विचार करायला हवा.

खाण्याचा विषय आपल्याकडे भावनेचा. मांजर म्हणजे दूधभात, फार तर दूध-पोळी, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पण मांजर हा पक्का मांसाहारी प्राणी. एकदम भरपूर पिष्ट आलं की त्याची साखर हाताळायची यंत्रणा त्याच्या यकृतात फारच तोकडी असते. कोरड्या बिस्किटांसारख्या खाद्यातही पिष्ट बरंच असतं. मधुमेही मांजराला जास्त प्रथिनांचं, कमी पिष्टाचं, शक्यतो ओलं खाद्य लागतं. नुसतं उकडलेलं चिकन चार दिवस चालेल, कायम नाही, कारण त्यात कॅल्शियमसारखे घटक पुरेसे नसतात. आणि इथेही घाई नडते. इन्सुलिन सुरू असताना एका रात्रीत भात बंद करून ओलं खाद्य सुरू केलं, की इन्सुलिनची गरज झपाट्याने उतरते आणि कालचा डोस आज जड होतो. खाण्यातला बदल डॉक्टरांना सांगून, आठवड्याभरात हळूहळू करायचा. वजन उतरवण्यासाठी उपाशी ठेवणं तर सोडूनच द्या. जाड मांजर दोन-तीन दिवस जेवलं नाही तरी त्याच्या यकृतात चरबी साचून जिवावर बेतू शकतं.

साखर फार खाली गेली तर? बोका झोकांड्या देतो, अंगात बळ नसल्यासारखा पडून राहतो, हाक मारली तर नजर लागत नाही. कधी एकदम खायला मागतो, कधी थेट फिट येते. शुद्धीत असेल तर लगेच खायला द्या. खात नसेल तर मध, ग्लुकोजचं पाणी किंवा साखरेचा पाक बोटाने हिरड्यांना चोळा. बेशुद्ध किंवा फिट आलेल्या मांजराच्या तोंडात काही ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. हिरडीला चोळायचं आणि दवाखाना गाठायचा. शुद्धीवर आला तरी गाठायचाच, कारण इन्सुलिनचा अंमल मधाहून लांबतो. म्हणून मधाची बाटली आणि रात्री उघड्या असणाऱ्या दवाखान्याचा नंबर पहिल्या इन्सुलिनआधी तयार हवा. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. गावाकडे मात्र गाईम्हशींच्या डॉक्टरांनाच आधी फोन करून विचारून ठेवावं लागतं.

घरी साखर मोजणं जमलं तर अर्धी लढाई सोपी होते. कानाच्या कडेने एक बारीक शीर जाते. कान कोमट फडक्याने शेकायचा, मागे कापसाचा बोळा धरायचा आणि कडेला टोचायचं. मोहरीएवढा थेंब पुरतो. एक खाच मात्र आहे. माणसांचं ग्लुकोमीटर माणसांच्या रक्ताच्या हिशेबाने बनवलेलं असतं. मांजराच्या रक्तातली साखर लाल पेशींत अगदी थोडी आणि बाहेरच्या द्रवात जवळजवळ सगळी असते, त्यामुळे हे यंत्र बहुधा खरी साखर आहे त्याहून कमी दाखवतं. तरीही त्यावर ७० दिसलं तर 'यंत्र कमीच दाखवतं' म्हणून दुर्लक्ष करू नका. त्या वेळचं इन्सुलिन थांबवून डॉक्टरांना फोन करा. माणसांच्या दंडावर लावतात तो साखरेचा सेन्सरही आता मांजरांच्या मानेजवळ केस भादरून लावतात. चौदा दिवसांसाठी असलेला तो सेन्सर बोका आधीच ओरबाडून काढतो, पण मिळेल तेवढी माहिती सोन्याची. मोजणं अजिबात न जमणाऱ्या घरांनी पाणी मोजावं. सकाळी ठरावीक मिलिलिटर भरायचं, दुसऱ्या सकाळी उरलेलं मोजायचं. किलोमागे दिवसाला १०० मिलीहून जास्त पाणी म्हणजे साखर अजून आटोक्यात नाही. इन्सुलिन लागू पडू लागलं की हा आकडा उतरतो, वाळूचे गोळे लहान होतात, वजन घटायचं थांबतं. मीटरवरच्या एका आकड्यापेक्षा या तीन गोष्टींवर माझा जास्त भरवसा आहे.

खाणं थांबलं, उलट्या होतायत, तोंडाला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येतोय, तर तो कीटोन साचून होणारा कीटोअ‍ॅसिडोसिस असू शकतो. अशा वेळी घरी प्रयोग करायचे नाहीत. इन्सुलिन द्यायचं की थांबवायचं हेही फोनवर विचारूनच, आणि बोक्याला तसाच उचलून दवाखान्यात न्यायचं.

दरम्यान अमेरिकेत २०२२ च्या डिसेंबरमध्ये मांजरांसाठी बेक्साग्लिफ्लोझिन या गोळीला मान्यता मिळाली, २०२३ मध्ये वेलाग्लिफ्लोझिनला. सुई नको म्हणणाऱ्यांना ही बातमी गोड वाटते. पण ही औषधं इन्सुलिन आधीच सुरू असलेल्या मांजरांसाठी नाहीत, आणि ज्यांचं स्वतःचं इन्सुलिन संपत आलंय त्यांना साखर साधारण दिसत असतानाही कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो. आजोबांच्या डब्यातल्या मधुमेहाच्या गोळ्या अर्ध्या करून बोक्याला देण्याचा तर विचारही नको.

मांजरांच्या मधुमेहाची एक बाजू माणसांना हेवा वाटावा अशी आहे. निदान झाल्यावर लवकर, दिवसातून दोनदा इन्सुलिन आणि कमी पिष्टाचं खाणं सुरू झालं, तर थकलेल्या पेशींना उसंत मिळते आणि बऱ्याच मांजरांचं इन्सुलिन काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सुटतं. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, घरी साखर मोजून ग्लार्जिन दिलेल्या ५५ मांजरांपैकी ६४ टक्क्यांचं सुटलं. निदानानंतर सहा महिन्यांच्या आत या पद्धतीवर आलेल्यांत ते प्रमाण ८४ टक्के होतं, उशिरा आलेल्यांत ३५. अभ्यास छोटा, पालक फार काटेकोर, त्यामुळे प्रत्येक घराने हाच आकडा मनात धरू नये. पण वेळेत सुरू करण्याचा फायदा त्यात उघड दिसतो. म्हणून 'महिनाभर काढा देऊन बघू' हा सल्ला मला महागाचा वाटतो.

सुटलेलं इन्सुलिन काही मांजरांना पुन्हा लागतं. वजन परत चढलं, दातांत पू झाला किंवा कोणी खाजेवर स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं की साखर परतते. दर महिन्याला वजन करायचं, मधूनमधून साखर बघायची आणि बोक्याच्या दवाखान्यातल्या फाइलवर, पहिल्याच पानावर, लाल पेनाने लिहून घ्यायचं: मधुमेह होता, विचारल्याशिवाय स्टेरॉइड देऊ नये.