गाठीवाचून टाका

यवतमाळ जिल्ह्यात वणीपासून पुसदपर्यंत कोणत्याही गावी जा. बायाबापड्यांना शस्त्रक्रियेच्या दोन जाती ठाऊक असतात. एक ‘टाक्याची’ आणि दुसरी ‘बिनटाक्याची’. कुटुंबनियोजनाच्या शिबिरांतून हे शब्द घरोघर पोचले. पोट थोडे उघडून गर्भनलिका दोऱ्याने बांधावयाची ती टाक्याची. बेंबीपाशी लहानसे भोक पाडून दुर्बिणीने करावयाची ती बिनटाक्याची. शब्द मोठे चपखल आहेत. परंतु त्यांतून एक प्रश्न उरतो, आणि रुग्ण तो डॉक्टरांना सहसा विचारीत नाही. टाका नाही, गाठ नाही. मग आत धरून कोणी ठेवले आहे? आणि ते सुटले तर? आज मला आपल्यापुढे बोलावयाचे आहे ते एवढ्याच प्रश्नाविषयी.

बिनटाक्याच्या शस्त्रक्रियेत धरून ठेवण्याचे काम करते ती सिलिकॉन रबराची एक इवलीशी कडी. बाहेरून मोजली तर जेमतेम साडेतीन मिलिमीटर. ती ताणून एका नळीवर चढविलेली असते. नळीतून चिमटा पुढे येतो, गर्भनलिकेचा पेच आत ओढून घेतो, आणि कडी घसरून त्या पेचावर बसते. वेणीच्या शेंड्याला रबर बसावे तशी. पेचाचा रक्तपुरवठा तुटतो, तेवढा भाग सुकतो आणि कालांतराने नलिकेची दोन टोके वेगळी होतात. गाठीचे काम कडीने केले. (वरच्या कातडीला एखादा टाका बहुधा घालावा लागतोच. तेव्हा ‘बिनटाक्याची’ हे नाव पुरते खरे नाही. पण लोकांनी ठेवलेल्या नावांशी भांडण्यात अर्थ नसतो.)

ही युक्ती दिसते तितकी नवी नव्हे. फाटलेल्या आतड्याच्या कडा जुळवून त्यांवर काळे मुंगळे चावू द्यावेत, आणि ते घट्ट चावले की धडे तोडून डोकी तेथेच राहू द्यावीत, असा उपाय सुश्रुतसंहितेत सांगितला आहे. दोऱ्याच्या गाठीवाचून जखम धरून ठेवण्याची ही फार जुनी रीत. आज मुंगळ्याच्या जागी धातूची क्लिप आली. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमतन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढले. भारतातील ही अशी पहिली शस्त्रक्रिया. पुढे ती सर्वत्र झपाट्याने पसरली. त्याचे एक कारण, माझ्या समजुतीप्रमाणे, असे की पित्ताशयाची नळी आणि धमनी क्लिप लावून मिटविता येतात. आत गाठ मारण्याचे संकट तेथे टळते.

परंतु कडी काय किंवा क्लिप काय, नळी मिटविते. ती शिवीत नाही. गर्भाशयाच्या भिंतीतून फायब्रॉइड काढला की मागे खड्डा राहतो आणि त्यातून रक्त वाहू लागते. प्रोस्टेट ग्रंथी काढली की मूत्राशय व मूत्रनलिका पुन्हा जोडावी लागते. येथे दोराच हवा. आणि दोरा आला की गाठ आली.

बाजार समितीत हमाल दाभणाने तुरीचे पोते शिवतो ते आपण पाहिलेच असेल. सगळी शिवण झाली की शेवटी तो एक गाठ मारतो. आणि पोते रिकामे करताना ती गाठ कापून सुतळी ओढली की शिवण सरसर उसवते. सलग शिवणीचा सारा भरवसा असा टोकाच्या गाठीवर असतो. म्हणूनच शल्यवैद्य गाठीला जपतात. विद्यार्थिदशेत आम्ही खाटेच्या पायाला दोरा बांधून रात्र रात्र गाठी मारीत असू. दोन फेरे परस्परांच्या उलट पडले तर निरगाठ बसते. एकाच अंगाने पडले तर गाठ सरकते. हल्लीचे एकपदरी कृत्रिम दोरे गुळगुळीत आणि ताठर. त्यांना चार-पाच फेरे दिल्यावाचून भागत नाही. शिवाय गाठीचे एक वैगुण्य घरच्या बायकांना चांगले ठाऊक आहे: ओढलेला दोरा तुटतो तो बहुधा गाठीपाशीच.

उघड्या पोटात ही गाठ बोटांनी बसविता येते आणि तिचा ताण बोटांना कळतो. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट कार्बन डायऑक्साइड वायूने फुगवितात, पाच-दहा मिलिमीटरच्या भोकांतून फूटभर लांब हत्यारे आत घालतात आणि पडद्याकडे पाहून काम करतात. हत्यार पोटाच्या भिंतीत तरफेसारखे टेकलेले असते. हात उजवीकडे नेला की टोक डावीकडे जाते. साध्या पडद्यावर खोलीही नीट उमगत नाही. अशा स्थितीत निरगाठ मारणे म्हणजे खिडकीच्या गजांआडून, आरशात पाहत, दोन लांब चिमट्यांनी बुटाची नाडी बांधणे. ते साधते, पण सरावाने. आणि तोवर रुग्णाचे रक्त वाहत असते. जर्मनीतील कुर्ट झेम यांनी आधीच बांधून ठेवलेला सरकफास बाहेरून आत ढकलण्याची सोय केली. ती उपयोगी ठरली. पण तीही बांधण्यापुरतीच, शिवण्यासाठी नव्हे.

आता दिवाळीच्या सुमारास वावराच्या धुऱ्यावरून चालत गेलेला मनुष्य आठवा. त्याच्या धोतराला कुसळे लागतात. कुसळ आत शिरते ते सहज. मागे ओढू म्हटले की येत नाही, कारण त्यावरचे बारीक केस सारे एकाच दिशेला झुकलेले असतात. हाच गुण दोऱ्याला द्यावयाचा, ही कल्पना. जॉन अल्कामो या अमेरिकन गृहस्थांना अशा दोऱ्याचे पेटंट १९६४ साली मिळाले. परंतु तो शस्त्रक्रियागृहात रुळला एकविसाव्या शतकात. दोऱ्याच्या अंगावर तिरके छेद देऊन काटे उठविलेले असतात. एका टोकाला सुई, दुसऱ्याला लहान फासा. पहिला टाका घालून सुई त्या फाशातून ओवली की आरंभाची गाठ वाचली. पुढे प्रत्येक टाका ओढला की काटे मांसात रुतून तो तेथेच थांबतो. मदतनिसाने दोरा ताणून धरावयाला नको, आणि शेवटी एक-दोन टाके उलट्या दिशेने घालून दोरा कापला की झाले. पोत्याच्या सुतळीसारखा सगळा भार एका टोकावर राहत नाही. तो साऱ्या शिवणीवर वाटला जातो. हा दोरा बहुधा विरघळणारा असतो. तो तीन ते सहा महिन्यांत नाहीसा होतो, आणि जखम त्याच्या बऱ्याच आधी आपल्या बळावर जुळलेली असते. खांद्याच्या सांध्यात दुर्बिणीने स्नायुबंध जोडतानाही गाठ टाळतात. तेथे हाडात भोक पाडून दोरा खुंटीबरोबर पाचरीसारखा ठोकून बसवितात.

इतके गुण सांगितले. आता खोड्याही सांगावयास हव्यात. छेदांमुळे दोऱ्याचा गाभा बारीक होतो, म्हणून एक माप जाड दोरा घ्यावा लागतो. किंमत साध्या दोऱ्याच्या कितीतरी पट. चुकून अधिक ओढला गेला तर परत सैल करता येत नाही. म्हणून जो शल्यवैद्य गाठ शिकलाच नाही त्याच्या हाती हा दोरा द्यावा, असे मी म्हणणार नाही.

सर्वांत मोठी खोड शेपटाची. कापलेल्या टोकाचा तुकडा पोटात उघडा राहिला तर त्याचे काटे शेजारच्या आतड्याला धरतात आणि आतड्याची वाट अडते. असे क्वचित घडते, पण घडल्याच्या नोंदी आहेत. म्हणून टोक मांसालगत कापतात. घरी परतल्यावर काही दिवसांत पोट फुगू लागले, उलट्या सुरू झाल्या, वारा सरेना, तर वायू धरला म्हणून ओवा चावीत बसू नये. जेथे शस्त्रक्रिया झाली तेथे त्याच दिवशी जावे, आणि रुग्णालयातून मिळालेला कागद बरोबर न्यावा. आत कोणता दोरा घातला आहे ते त्यावर लिहून द्या, असे घरी निघतानाच डॉक्टरांना सांगावयाला हरकत नाही.