उभयवेतनाचा संसार

हेरांच्या कथा वाचावयास कोणाला आवडत नाहीत? वेषांतर, सांकेतिक निरोप आणि मध्यरात्रीची पलायने यांनी नटलेल्या त्या कथांत हेराच्या घराला मात्र सहसा जागा नसते. कौटिल्याला ते घर दिसले होते. दोन्ही पक्षांकडून वेतन घेणाऱ्या हेराला अर्थशास्त्रात ‘उभयवेतन’ अशी संज्ञा आहे आणि अशा हेराची बायकामुले राजाने आपल्या ताब्यात ठेवावी, असा तेथे दंडक आहे. माणूस दोन धन्यांची चाकरी करू लागला की त्याच्या निष्ठेला जामीन लागतो आणि संसारासारखा दुसरा जामीन नाही, हे त्या रोखठोक आचार्याने ओळखले होते. क्यूबाच्या हुआन पाब्लो रोके या वैमानिकाची हकीकत वाचताना आम्हांला या दंडकाची आठवण झाली.

क्यूबा आणि अमेरिकेचे फ्लोरिडा राज्य यांच्यामध्ये अवघा ९० मैलांचा समुद्र आहे. १९५९ साली फिडेल कॅस्ट्रो यांची क्रांती यशस्वी झाली आणि तो समुद्र ओलांडून लक्षावधी क्यूबन मायामी शहराच्या आश्रयाला आले. त्यांतील काहींनी परतीचे स्वप्न शस्त्रांच्या बळावर पाहिले. १९६१ साली पिग्जच्या उपसागरातील स्वारी फसली. ६ ऑक्टोबर १९७६ रोजी क्यूबाचे एक प्रवासी विमान बॉम्बस्फोटाने पाडण्यात आले आणि त्यातील ७३ जण प्राणास मुकले. अशा कटांचा सुगावा आधीच लागावा म्हणून क्यूबाने मायामीत आपले हेर पेरले. निर्वासितांच्या त्या शहरात शिरावयाचे तर निर्वासित होण्यासारखे दुसरे सोंग कोणते?

रोके हा क्यूबाच्या हवाई दलातील मेजर, मिग विमानांचा वैमानिक. १९९२ साली तो पोहत ग्वांतानामो येथील अमेरिकन नौदल तळावर पोहोचला आणि मायामीने या फितूर वीराचे स्वागत केले. रुबाबदार रूप आणि मिठ्ठास वाणी यांच्या जोरावर तो लवकरच तेथील समाजात मिसळून गेला. आपल्या पलायनाची कथा सांगणारे पुस्तकही त्याच्या नावावर निघाले. ‘ब्रदर्स टू द रेस्क्यू’ या संघटनेच्या विमानांतून तो उड्डाणे करू लागला. होसे बासुल्टो यांनी १९९१ साली स्थापन केलेली ही संघटना, तराफ्यांवरून समुद्रात निघालेल्या क्यूबनांचा विमानांतून शोध घेऊन त्यांचे प्राण वाचवीत असे. इकडे एफ. बी. आय. या अमेरिकन तपास यंत्रणेलाही रोके निर्वासितांच्या गोटातील खबरा पुरवी आणि त्याबद्दल त्याला साडेसहा हजारांहून अधिक डॉलर मिळाले. त्याचा खरा धनी मात्र हवाना येथेच होता.

१९९५ च्या एप्रिल महिन्यात रोकेने आना मार्गारीता मार्टिनेझ या घटस्फोटित स्त्रीशी रीतसर विवाह केला. तिला पहिल्या संसाराची दोन मुले होती. नातलग आणि स्नेही लग्नाला जमले, घर मांडले गेले. पुढे अकरा महिनेही झाले नाहीत तोच, २३ फेब्रुवारी १९९६ रोजी पहाटे, कामासाठी बाहेर जात आहे असे सांगून तो निघाला, तो परतलाच नाही. हवानाहून त्याला परत नेण्याची योजना आधीच आखली गेली होती. तिला सांकेतिक नाव होते ‘व्हेनिस’.

दुसऱ्याच दिवशी ब्रदर्स संघटनेची तीन लहान विमाने क्यूबाच्या दिशेने गेली. निर्वासितांविषयीचे अमेरिकेचे धोरण बदलल्यापासून शोधाचे काम मंदावले होते. जानेवारीत हवानावर पत्रके टाकली गेली होती आणि क्यूबा सरकार संतापले होते. क्यूबाच्या लढाऊ विमानांनी त्यांतील दोन विमाने पाडली. कार्लोस कोस्ता, मारिओ दे ला पेन्या, आर्मांदो आलेहांद्रे आणि पाब्लो मोरालेस हे चौघे ठार झाले. विमाने आंतरराष्ट्रीय हद्दीत पाडली गेली, असा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने पुढे काढला. त्या चार दिवसांत आपल्या दोन हेरांनी संघटनेच्या विमानांतून उडू नये, असा निरोप हवानाहून आला होता, हे नंतरच्या खटल्यात उघड झाले. त्या दोघांपैकी एक रोके होता.

आना मार्गारीताला नवरा पुन्हा दिसला तो दूरदर्शनच्या पडद्यावर, हवानाहून कालच्या सोबत्यांवर आरोप करताना. मायामीतील कोणत्या गोष्टीची उणीव भासेल, असे मुलाखतकाराने विचारले, तेव्हा त्याने आपल्या जीप गाडीचे नाव घेतले. घरात मागे राहिलेल्या स्त्रीने हे ऐकले.

तिने विवाह रद्द करून घेतला आणि क्यूबा सरकारवर दावा लावला. फसवून मिळविलेली संमती ही संमतीच नव्हे, असे तिचे म्हणणे होते. २००१ साली फ्लोरिडाच्या न्यायालयाने तिला सुमारे २ कोटी ७० लाख डॉलरची भरपाई देवविली. प्रत्यक्षात तिच्या पदरी फारच थोडा अंश पडला.

उडू नये असे बजावलेला दुसरा हेर होता रेने गोन्सालेस. त्याने १९९० साली एक फवारणीचे विमान पळवून फ्लोरिडा गाठले होते. मागे राहिलेली त्याची पत्नी ओल्गा हिने फितुराची बायको म्हणून काही वर्षे काढली. तिलाही सत्य ठाऊक नव्हते. १९९६ च्या अखेरीस ती मुलीसह त्याच्याकडे आली, १९९८ साली दुसरी मुलगी झाली आणि ती काही महिन्यांची असतानाच, सप्टेंबरात, ‘गांधीलमाशी’ या नावाचे हे हेरजाळे पकडले गेले. ओल्गाला २००० साली देशाबाहेर काढण्यात आले. रेनेला १५ वर्षांची शिक्षा झाली आणि तुरुंगातील पतीला भेटण्यासाठी लागणारा परवाना अमेरिकेने तिला वारंवार नाकारला. २०१३ साली तो कायमचा घरी परतला.

हवानाने रेनेला वीर म्हटले, मायामीने शत्रू. तो वाद आम्ही येथे सोडवू पाहत नाही. आपल्या देशावर होणारे हल्ले टाळण्यासाठी कोणी प्राण पणाला लावले तर तो त्याचा अधिकार आहे. परंतु ओल्गाची अबोल वर्षे आणि आना मार्गारीताचा विश्वास ही त्यांनी स्वतः दिलेली वर्गणी नव्हती. ती त्यांच्या नकळत परस्पर वसूल केली गेली. कौटिल्याच्या राजाने निदान हेराच्या बायकोला उघडपणे ओलीस धरले असते. येथे एकीचा संसार म्हणजे पतीचे वेषांतर ठरला आणि दुसरीला नवऱ्याचे खरे रूप सांगण्याचीही कोणाला गरज भासली नाही.

या साऱ्यातून क्यूबाच्या पदरी तरी काय पडले? विमाने पाडल्यानंतर तीनच आठवड्यांच्या आत, १२ मार्च १९९६ रोजी, राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी हेल्म्स-बर्टन कायद्यावर स्वाक्षरी केली. तोवर अध्यक्षांच्या इच्छेवर अवलंबून असलेली व्यापारबंदी कायद्याने पक्की झाली आणि तिचा भार औषधांसाठी व सुट्या भागांसाठी तिष्ठणाऱ्या सामान्य क्यूबन कुटुंबांवर पडला.

२०१२ साली मायामीच्या एका वृत्तपत्राने रोकेला हवानात गाठले, तेव्हा तो ओढगस्तीत दिवस काढीत होता आणि जवळचे रोलेक्स घड्याळ विकू पाहत होता. काळाला मागे नेता आले असते तर त्या तरुणांना आपण विमानांतून उतरविले असते, असे तो म्हणाला. ते चौघे घरी परतणार नव्हते, आणि आना मार्गारीताने तर आपला संसार त्यापूर्वीच न्यायालयाकडून रद्द करून घेतला होता.