सिनेमाच्या नावावरचं नाव

पाथे या फ्रेंच कंपनीचे अगदी सुरुवातीचे मूकपट निरखून पाहिले, तर एक चमत्कारिक गोष्ट नजरेत भरते. कथा कुठलीही असो, नेपथ्यात कुठेतरी, भिंतीवर किंवा एखाद्या खांबाच्या पायथ्याशी, एक कोंबडा दिसतो. कथेशी त्याचा काडीचाही संबंध नसतो. जॉर्ज मेलिएसच्या जादूभऱ्या चित्रपटांत अशाच अनपेक्षित जागी एक चांदणी सापडते. अमेरिकेच्या बायोग्राफ कंपनीच्या चित्रपटांत गरिबाच्या खोलीच्या भिंतीवरही वर्तुळात कोरलेली ‘एबी’ ही दोन अक्षरं असतात. कोंबडा ही पाथेची निशाणी, चांदणी मेलिएसच्या ‘स्टार फिल्म’ची आणि ‘एबी’ बायोग्राफची.

ही चिन्हं दृश्याच्या पोटात शिरली ती चोरांच्या भीतीने. त्या काळात चित्रपट भाड्याने दिला जात नसे, फुटांवर मोजून सरळ विकला जाई. विकत घेतलेल्या प्रतीवरून कुणीही नवी निगेटिव्ह बनवावी, तिच्यावरून हव्या तितक्या प्रती काढाव्यात आणि आपल्या म्हणून विकाव्यात. सुरुवातीची नामपट्टी कात्रीने कापून टाकली की मालक कोण ते कळायचा मार्गच उरत नसे. शेजारी गेलेलं भांडं ओळखता यावं म्हणून आपण त्यावर नाव घालतो, तसं या मंडळींनी थेट दृश्यावर नाव घातलं. आता ते पुसायचं तर पूर्ण दृश्यच कापावं लागणार.

चोरही चिकाटीचे होते. फिलाडेल्फियाच्या सिग्मंड लुबिनकडे उमेदवारी केलेल्या फ्रेड बाल्शोफरने आठवणींत सांगितलं आहे की दुसऱ्यांच्या चित्रपटांवरचं चिन्ह झाकून टाकणं हे त्याच्या कामांपैकी एक होतं. सेकंदाला पंधरा-सोळा चौकटी धरल्या तर मिनिटभराच्या दृश्यात जवळपास हजार चौकटी होतात. प्रत्येक चौकटीत नखाएवढी चांदणी, आणि तिच्यावर एकेक ठिपका!

याच भीतीपोटी आणखी एक गोष्ट घडली, ती मला जास्तच थक्क करते. अमेरिकेच्या कॉपीराइट कायद्याने चित्रपटाला स्वतंत्र प्रकार म्हणून मान्यता दिली ती १९१२ मध्ये. त्याआधी नोंदणी छायाचित्रांचीच होत असे. म्हणून काही कंपन्या अख्खा चित्रपट चौकटीमागून चौकट कागदाच्या लांब गुंडाळीवर छापून वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जमा करत. पुढे नायट्रेटच्या मूळ फिल्म जळाल्या, कुजल्या, फेकल्या गेल्या. कागद मात्र टिकला. अनेक दशकांनी त्या गुंडाळ्यांचं पुन्हा चित्रीकरण झालं आणि सुमारे ३,००० चित्रपट हाती लागले. ‘हे माझं आहे’ असं नोंदवून ठेवण्याच्या धडपडीतून सिनेमाचं बालपण वाचलं.

पण ही सगळी नावं कंपन्यांची होती. माणसाचं नाव कुठेच नव्हतं. बायोग्राफ तर आपल्या नटांचीही नावं छापत नसे, त्यामुळे प्रेक्षक फ्लॉरेन्स लॉरेन्सला ‘बायोग्राफ गर्ल’ म्हणूनच ओळखत. त्याच कंपनीत डेव्हिड वॉर्क ग्रिफिथ या दिग्दर्शकाने १९०८ ते १९१३ या काळात चारशेहून अधिक लघुपट केले, आणि पडद्यावर कुठेही त्याचं नाव आलं नाही. कंपनी सोडल्यावर डिसेंबर १९१३ मध्ये त्याने ‘न्यू यॉर्क ड्रॅमॅटिक मिरर’मध्ये जाहिरात दिली. आपण केलेल्या चित्रपटांची लांबलचक यादी त्याने छापली. क्लोज-अप, दूरची दृश्यं, कथेत मागे-पुढे जाण्याची युक्ती, फेड-आउट, नटांचा संयत अभिनय हे सगळं आपणच रूढ केलं, असाही दावा केला. त्यातलं बरंच त्याच्या आधीही होतं. तरी ही जाहिरात मला इतिहासाचं एक वळण वाटते, कारण चित्रपटांना कर्ता असतो आणि तो कंपनीहून वेगळा असतो, हे एका दिग्दर्शकाने पैसे मोजून जगाला सांगितलं.

दोनच वर्षांनी, १९१५ मध्ये, त्याचा ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ आला. सुरुवातीलाच एक पाटी येते. तिचा आशय असा, की ग्रिफिथच्या चित्रपटांची ही व्यापारमुद्रा आहे, त्याने स्वतः दिग्दर्शित केलेल्या प्रत्येक चित्रपटात पाट्यांच्या कडेला ‘ग्रिफिथ’ हे नाव आणि मजकुराखाली ‘डीजी’ ही आद्याक्षरं असतात, आणि या नियमाला अपवाद नाही. पाथेच्या कोंबड्याचंच हे काम, फक्त आता कोंबड्याच्या जागी माणूस आला. अस्सलपणाची अशी ग्वाही ज्या चित्रपटाने दिली, त्याने कू क्लक्स क्लॅन या हिंसक वंशवादी संघटनेला नायक बनवलं आणि कृष्णवर्णीयांचं विखारी चित्र उभं केलं. कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने त्याविरुद्ध शहरोशहरी निदर्शनं केली. त्या निषेधातही नाव ग्रिफिथचंच घेतलं गेलं. श्रेय घेणाऱ्याला जाब विचारायचाही पत्ता त्या पाटीने देऊन ठेवला होता.

आपल्याकडे हा प्रवास काहीसा उलट झाला. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये कंपनी काढली तीच स्वतःच्या नावाने, म्हणजे माणूस आधीपासूनच पुढे होता. पुढे प्रभातचा जमाना आला आणि कंपनीचं नाव मोठं झालं. १९३६ चा ‘संत तुकाराम’ विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केला, पण घराघरांत तो ‘प्रभातचा तुकाराम’ म्हणूनच ओळखला गेला. प्रभातच्या बोधचिन्हातली तुतारी दिसली की प्रेक्षक निर्धास्त होत. पुढे व्ही. शांताराम प्रभातमधून बाहेर पडले. त्यांनी उभारलेल्या राजकमलला आई-वडिलांच्या, राजाराम आणि कमला यांच्या, नावांची जोड दिली, पण लोक मात्र ‘शांतारामबापूंचा सिनेमा’ बघायला जात राहिले.

हॉलिवूडमध्ये स्टुडिओंचा दबदबा असताना आपलं नाव चित्रपटाच्या नावाच्याही वर चढवून घेणारा ठळक माणूस म्हणजे फ्रँक काप्रा. कोलंबिया ही तेव्हा धाकटी कंपनी. तिला काप्राच्या यशाची गरज होती, आणि काप्राने त्या गरजेची किंमत नावाच्या जागेत वसूल केली. १९७१ मध्ये त्याने आत्मचरित्र लिहिलं, त्याचं शीर्षकच ‘द नेम अबव्ह द टायटल’. त्याच्या उत्तम चित्रपटांपैकी कित्येकांच्या पटकथा रॉबर्ट रिस्किनच्या होत्या. हॉलिवूडची एक आवडती दंतकथा अशी, की ‘काप्रा टच’ची स्तुती ऐकून वैतागलेल्या रिस्किनने एकदा कोऱ्या कागदांची चळत काप्रासमोर ठेवली आणि म्हणाला, आता याला दे तुझा टच. दंतकथा असली तरी तिच्यातली जखम खरी आहे. ती पुढे उघडी पडली ती १९६६ मध्ये. लेखकांच्या संघटनेने निर्मात्यांशी करार करून दिग्दर्शकांच्या ‘अमक्याचा चित्रपट’ या श्रेयावर बंधन आणलं. दिग्दर्शक खवळून उठले, आणि १९६८ पर्यंत त्यांनी हा हक्क परत मिळवला. लेखकांची हरकत साधी होती. कोऱ्या कागदावर पहिली अक्षरं उमटवणाऱ्याला डावलून दुसऱ्याच कुणाच्या नावाने चित्रपट ओळखला जावा, हे कुठल्या न्यायाने? मला हा प्रश्न आजही अनुत्तरित वाटतो.

आल्फ्रेड हिचकॉकने तर नावाच्याही पुढची मजल मारली. त्याने स्वतःचं शरीरच व्यापारमुद्रा बनवलं. १९२७ च्या ‘द लॉजर’पासून तो आपल्या चित्रपटांत क्षणभर दिसू लागला. १९४४ च्या ‘लाइफबोट’मध्ये पेच आला. सगळी कथा समुद्रातल्या एका होडीत घडते, मग दिग्दर्शक तिथे येणार कसा? होडीतला एक जण वर्तमानपत्र वाचत असतो आणि त्यात वजन घटवण्याच्या औषधाची जाहिरात असते. जाहिरातीतल्या ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या चित्रांत हिचकॉकच! पुढे त्याने आपलं दर्शन चित्रपटाच्या सुरुवातीलाच उरकून टाकायची सवय लावून घेतली, कारण प्रेक्षक कथा सोडून त्यालाच शोधत बसत. १९५५ मध्ये दूरचित्रवाणीवर त्याची मालिका सुरू झाली आणि मोजक्या रेषांत काढलेली त्याची ढेरपोटी आकृती घरोघरी पोचली. १९६० च्या ‘सायको’च्या सहा मिनिटांहून लांब ट्रेलरमध्ये तो स्वतःच प्रेक्षकांना कथेतल्या मोटेलमधून फिरवून आणतो, एखादा घरमालक रिकामी खोली दाखवतो तसा. चित्रपट सुरू झाल्यावर कुणालाही आत सोडायचं नाही, ही अटही त्याच्याच नावाने थिएटरांबाहेर लागली.

याच ‘सायको’मध्ये न्हाणीघरातल्या खुनाच्या दृश्याला संगीत नको, असं हिचकॉकचं मत होतं. संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी तरीही व्हायोलिनांचे ते किंचाळणारे सूर लिहिले. ऐकल्यावर हिचकॉकने आपलं मत बदललं. म्हणजे ‘हिचकॉकचा थरार’ म्हणून जगाला जो माहीत आहे, तो हिचकॉकच्या मूळ सूचनेविरुद्ध जन्माला आला. मला यात नावाचा खोटेपणा दिसत नाही. हरमनची निवड हिचकॉकची होती, आणि स्वतःचा शब्द मागे घेण्याइतका कानही त्याचाच होता. पण ‘आल्फ्रेड हिचकॉकचा सायको’ म्हणताना त्या नावाच्या आत किती माणसं उभी असतात, ते इथे स्पष्ट दिसतं.

नाव लावणं कधी निव्वळ कायदेशीर सोयही असते. पोलिदोरो या दुसऱ्या दिग्दर्शकाच्या ‘सातिरिकॉन’ने शीर्षक आधीच अडवल्यामुळे १९६९ मध्ये फेलिनीच्या चित्रपटाला ‘फेलिनी सातिरिकॉन’ व्हावं लागलं. २०१३ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने १९१६ च्या एका मूक लघुपटाच्या जोरावर ‘द बटलर’ या शीर्षकावर हक्क सांगितला, तेव्हा तो चित्रपट ‘ली डॅनियल्सचा द बटलर’ झाला. आपल्याकडे ‘शोले’ हे शीर्षक वापरण्यावरून वाद न्यायालयात गेला आणि २००७ मध्ये पडद्यावर आली ती ‘राम गोपाल वर्मा की आग’.

जॉन कार्पेंटरची गोष्ट वेगळी आहे. ‘हॅलोविन’ या १९७८ च्या चित्रपटाचं लेखन, दिग्दर्शन आणि संगीत मिळून त्याने अवघे १०,००० डॉलर घेतले, पण नफ्यात वाटा आणि शीर्षकाच्या वर आपलं नाव मागून घेतलं. अर्थात त्या पटकथेची सहलेखक आणि चित्रपटाची निर्माती डेब्रा हिल होती. आणि १९९३ चा ‘टिम बर्टन्स द नाइटमेअर बिफोर ख्रिसमस’? कल्पना आणि पात्रं बर्टनची, निर्मितीही त्याची. पण बाहुल्यांना एकेका चौकटीसाठी तसूतसूने हलवत काही वर्षं चाललेल्या त्या कामाचा दिग्दर्शक हेन्री सेलिक होता. अनेक प्रेक्षक आजही तो चित्रपट बर्टननेच दिग्दर्शित केला असं मानतात, आणि शीर्षक वाचून दुसरं काय मानणार!

नाव लावण्याइतकीच ते काढून घेण्याचीही एक रीत हॉलिवूडने घडवली, आणि ती मला या सगळ्या इतिहासात सर्वांत अद्भुत वाटते. १९६९ च्या ‘डेथ ऑफ अ गनफायटर’ चित्रपटावर आधी रॉबर्ट टॉटन आणि मग डॉन सीगल यांनी काम केलं, आणि दोघांनाही त्यावर आपलं नाव नको होतं. दिग्दर्शकांच्या संघटनेने तोडगा म्हणून एक नाव बनवलं, ॲलन स्मिथी. रॉजर ईबर्ट या समीक्षकाने परीक्षणात लिहिलं, की हे नाव आपल्या परिचयाचं नाही, पण हा दिग्दर्शक कथा सहजपणे उलगडू देतो. जो माणूसच नाही, त्याची अशी वाखाणणी झाली.

त्यानंतर तीसेक वर्षं स्मिथी काम करत राहिला. चित्रपट आपल्या हातातून काढून घेतला गेला हे दिग्दर्शकाने संघटनेला पटवायचं आणि कारणाविषयी जाहीरपणे गप्प राहायचं, मग त्याला हे नाव मिळे. डेव्हिड लिंचने ‘ड्यून’च्या दूरचित्रवाणीसाठी लांबवलेल्या आवृत्तीवरून आपलं नाव काढलं, तेव्हा तिथेही स्मिथीच आला. हळूहळू जाणत्या प्रेक्षकांना ते नाव पाठ झालं. स्मिथी दिसला की ते समजून जात, आत काहीतरी बिनसलं आहे. कुणाचंच नसलेलं नाव आता काप्रा-हिचकॉकच्या नावासारखं, आत काय आहे ते आधीच सांगू लागलं.

१९९७ मध्ये जो एस्टरहाझने लिहिलेला ‘ॲन ॲलन स्मिथी फिल्म: बर्न हॉलिवूड बर्न’ तयार झाला. कथा अशा दिग्दर्शकाची, ज्याला आपल्या चित्रपटावरून नाव काढायचं आहे, पण त्याचं खरं नावच ॲलन स्मिथी असल्यामुळे त्याला पर्याय उरत नाही. चित्रपटाचा दिग्दर्शक आर्थर हिलर आणि एस्टरहाझ यांचं संकलनावरून बिनसलं आणि हिलरने स्वतःचं नाव काढून घेतलं. त्या जागी संघटनेच्या रीतीप्रमाणे पडद्यावर आलं, दिग्दर्शक ॲलन स्मिथी.

यानंतर संघटनेने ते नाव निवृत्त केलं. लपायला दिलेली जागाच सगळ्यांना ठाऊक झाली होती. २००० मध्ये ‘सुपरनोव्हा’वरून वॉल्टर हिलने नाव काढलं, तेव्हा तिथे ‘थॉमस ली’ असं साधंसं नाव लागलं. आता असं प्रत्येक प्रसंगी नवं नाव शोधलं जातं, आणि श्रेयनामावली वाचणाऱ्याला त्यातलं कुठलं खऱ्या माणसाचं आणि कुठलं नाही हे ओळखता येत नाही.