रॉड्रिग्जचे काफे मारों

मॉरिशसच्या पूर्वेला सुमारे ५६० किलोमीटरवर असलेल्या रॉड्रिग्ज बेटावर 'काफे मारों' हे कॉफीच्या कुळातले झुडूप आढळते, जगात दुसरीकडे कुठेही नाही. जंगलतोड आणि माणसाने आणलेल्या शेळ्या यांपुढे ते कधीच संपले, असे समजले जात होते. १९८०च्या सुमारास एका शाळकरी मुलाला त्याचे एकुलते एक झाड सापडले. बातमी पसरताच लोक औषध म्हणून त्याच्या फांद्या नेऊ लागले आणि झाडाला कुंपण घालावे लागले.

१९८६ मध्ये त्याची छाट कलमे लंडनच्या क्यू उद्यानात पोहोचली. एक जगले. पांढरी, चांदणीच्या आकाराची फुले भरपूर येत, पण फळ काही धरेना. अखेर २००३ मध्ये उद्यानातले कार्लोस मॅग्डालेना यांनी कुक्षीचा शेंडा कापून उघड्या कुक्षीवृंतावरच परागकण लावले, तेव्हा कुठे बी मिळाले. त्यातून उगवलेल्या रोपांची पाने अरुंद आणि तपकिरी. मोठ्या झाडाची रुंद, हिरवीगार. पाहणाऱ्याला या दोन वेगळ्या जाती वाटाव्यात!

पुढे रोपे रॉड्रिग्जला परत गेली. मात्र सगळी एकाच झाडाची संतती असल्याने त्यांच्यातली आनुवंशिक विविधता तुटपुंजी आहे, त्यामुळे माणसाची राखण त्यांना दीर्घकाळ लागणारच.