छिद्र लहान, ऑपरेशन मोठं

31 मे 1990. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी पोट न फाडता, दुर्बिणीतून पित्ताशय काढलं. भारतात हे पहिल्यांदाच घडत होतं. आज जालन्याच्या कुठल्याही वस्तीत ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ म्हटलं की कोणी दचकत नाही.

पण पित्ताशयाच्या शेजारी, जठरामागे लपलेलं स्वादुपिंड दुर्बिणीला सहजी वश झालं नाही. त्याच्या डोक्यातली गाठ काढायची तर पित्ताशय, पित्तनलिकेचा तुकडा आणि लहान आतड्याची सुरुवातही जाते. मग तीन जोड नव्याने शिवायचे. त्यातला स्वादुपिंडाचा जोड सर्वांत दगाबाज. अवयव लोण्यासारखा मऊ, आणि जोड गळला तर त्याचा पाचक रस आपलंच मांस पचवू लागतो.

कॅनडाचे सर्जन मिशेल गान्ये यांनी हे दिव्य दुर्बिणीतून पार पाडलं आणि 1994 साली जगाला सांगितलं. ऑपरेशनला दहा तास लागले आणि रुग्ण महिनाभर रुग्णालयात राहिली. कशाला केला एवढा खटाटोप? 1997 मध्ये गान्ये यांनीच फायदा दिसत नसल्याची कबुली दिली. मला या गोष्टीतला सर्वांत धाडसी क्षण हाच वाटतो.

पुढे रोबो आला. त्याचे हात मनगटासारखे वळतात, शिवणं सोपं होतं. शिवतो मात्र सर्जनच.

दुर्बिणीचा खरा पेच 2017 नंतर कळला. त्या वर्षी कोइम्बतूरच्या सर्जन डॉ. पलनिवेलू यांच्या याच ऑपरेशनच्या चाचणीत दुर्बिणीचे रुग्ण साधारण सात दिवसांत घरी गेले, पोट उघडलेले तेरा दिवसांत. नेदरलँड्समधल्या अशाच चाचणीत मात्र उलटंच झालं: ऑपरेशननंतरच्या गुंतागुंतीने दुर्बिणीच्या 50 रुग्णांपैकी पाच दगावले, उघड्या ऑपरेशनच्या 49 पैकी एक. आकडे लहान, योगायोगही असू शकला असता. तरी देखरेख समितीने चाचणी मध्येच थांबवली. पलनिवेलू हे ऑपरेशन 1998 पासून दुर्बिणीतून करत होते. माझ्या मते फरक यंत्रात नव्हे, हाताच्या सरावात होता.

तेव्हा घरात कोणाला न दुखता कावीळ झाली, खाज सुटली, वजन उतरू लागलं, तर ती स्वादुपिंडाच्या गाठीची खूण असू शकते; झाडपाल्याच्या औषधात आठवडे घालवू नका; आधी सोनोग्राफी करा. आणि ऑपरेशन ठरलंच, तर रोबो आहे का हे नंतर विचारा. ‘डॉक्टर, अशी ऑपरेशनं तुम्ही वर्षाला किती करता?’ हे आधी.