भिंतीवरचं वेळापत्रक

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातलं व्हाइटवॉटर हे लहानसं गाव. तिथल्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयात वॉरन जॉन्सन हे प्राध्यापक शिकवत असत. हिवाळ्यात वर्ग गार पडलाय की तापलाय हे बघायला शिपाई तास चालू असताना आत यायचा आणि मग तळघरात उतरून झडपा कमी-जास्त करायचा. शिकवण्यात सारखा खंड पडे. जॉन्सन यांनी विजेवर चालणारं एक उपकरण, म्हणजे थर्मोस्टॅट, वर्गाच्या भिंतीवर बसवलं. खोलीचं तापमान बदललं की तळघरात आपोआप इशारा जाऊ लागला. त्यांना 1883 मध्ये त्याचं पेटंट मिळालं. पुढच्या दोन-तीन वर्षांत मिनियापोलिसच्या अल्बर्ट बुट्झ यांनी भट्टीची झडप माणसाविना उघडणारी-मिटणारी यंत्रणा काढली. हनीवेल कंपनीचं मूळ त्यांच्या उद्योगात आहे.

त्याच कंपनीचा 1953 चा गोल थर्मोस्टॅट, टी-87, अमेरिकेतल्या लाखो घरांत पोचला. हेन्री ड्रेफस यांनी त्याला आकार दिला. आतली रचना फार सुंदर होती. दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना जोडून गुंडाळलेली कमान आणि तिच्या टोकाला पाऱ्याचा थेंब असलेली काचेची कुपी. खोली गार झाली की कमान वळायची, कुपी कलायची, पारा घरंगळून दोन तारांना जोडायचा आणि खाली फर्नेस (भट्टी) पेटायची. हातानं तबकडी फिरवायची, बस्स. कुणालाही कळेल असं यंत्र.

प्रोग्रॅमेबल थर्मोस्टॅटनं या साध्या यंत्राला घड्याळ जोडलं. त्याच्या पडद्यावर दिवसाचे चार भाग असतात: वेक, लीव्ह, रिटर्न, स्लीप. म्हणजे उठणं, बाहेर पडणं, परतणं, झोपणं. प्रत्येकासाठी एक वेळ आणि एक तापमान भरायचं. हिवाळ्यासाठी पूर्वापार सुचवलेले आकडे म्हणजे घरात वावर असताना 70 अंश फॅरनहाइट (सुमारे 21 सेल्सियस), घर रिकामं असताना किंवा सगळे पांघरुणात असताना 62 (सुमारे 17).

असं तापमान उतरवल्यानं इंधनाची बचत का होते? घरातली ऊब भिंतींतून आणि खिडक्यांतून सतत बाहेर जात असते. आत-बाहेरच्या तापमानात जितका फरक, तितकी गळती जास्त. बाहेर 20 अंश फॅरनहाइट असताना आत 70 ठेवलं तर फरक 50 चा; 62 ठेवलं तर 42 चा. तेवढे तास गळती सुमारे सोळा टक्क्यांनी घटते. घर पुन्हा तापवायला वाचवल्यापेक्षा जास्त गॅस जळतो, ही समजूत चुकीची आहे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याच्या हिशेबानं रोज आठ तास 7 ते 10 अंश फॅरनहाइटचा फरक ठेवला तर घर तापवण्याच्या आणि थंड करण्याच्या वर्षाच्या खर्चात दहा टक्क्यांपर्यंत बचत होते. दुसरी समजूत: काटा 80 वर नेला की घर लवकर तापतं. साधी फर्नेस आपल्याच गतीनं तापवते. 80 लावल्यानं ती नको तितका वेळ चालत राहते, एवढंच.

आता यंत्राची कमजोर बाजू. अमेरिकी सरकारच्या ऊर्जाबचतीच्या एनर्जी स्टार योजनेनं 1995 पासून या थर्मोस्टॅटला आपला शिक्का दिला आणि 2009 अखेर तो काढूनही घेतला, कारण घराघरांत अपेक्षेइतकी बचत दिसेना. लोक वेळापत्रक भरतच नव्हते. थंडी वाजली की बाण दाबून तापमान वाढवायचं आणि 'होल्ड' दाबून टाकायचं. एकदा होल्ड दाबलं की चारही भाग बाजूला पडतात, आणि महागडं यंत्र टी-87 चंच काम करत बसतं. मला यात दोष लोकांपेक्षा त्या बारीक बटणांच्या आणि किचकट पायऱ्यांच्या रचनेचा वाटतो. 2011 मध्ये आलेल्या नेस्ट थर्मोस्टॅटनं हाताच्या सवयी बघून वेळापत्रक स्वतःच बनवायला सुरुवात केली, ती याच अडचणीवर उपाय म्हणून.

घरात फर्नेसऐवजी हीट पंप (बाहेरची ऊब आत ओढून आणणारं यंत्र) असेल तर मात्र सांभाळून. रात्री तापमान फार उतरवून सकाळी एकदम चढवलं की अनेक हीट पंपांची विजेची जादा कॉइल मदतीला धावते आणि वाचवलेलं सगळं खाऊन टाकते. तिथे एक-दोन अंशांचाच फरक ठेवावा, किंवा हीट पंपासाठीच बनवलेला थर्मोस्टॅट घ्यावा. अमेरिकेतून महिनाभर भारतात यायचं असेल तरी हिवाळ्यात हीटिंग बंद करू नये. 55 वर होल्ड करून निघावं, नाहीतर नळातलं पाणी गोठून नळ फुटू शकतात. थर्मोस्टॅट बॅटरीवर चालत असेल, तर निघण्याआधी ती बदलावी.

आपल्याकडे महाराष्ट्रात घर तापवायची वेळ सहसा येत नाही, पण हाच हिशेब एसीला लागू पडतो. जानेवारी 2020 पासून स्टार लेबलच्या खोलीच्या एसीत 24 अंश सेल्सियस ही सुरुवातीची खूण ठरली. एक अंश वर नेला की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतं. टायमर आणि स्लीप ही रिमोटवरची बटणं म्हणजे त्याच वेळापत्रकाची छोटी रूपं.

शेवटी परदेशातल्या मुलामुलींसाठी. पुण्या-नाशिकहून आई-बाबा राहायला येतात. तुम्ही आठला कामावर जाता आणि 'लीव्ह' सुरू होतं. घर उतरत उतरत 62 वर येतं. यंत्राच्या लेखी घर रिकामं आहे. आई-बाबा शाल घेऊन सोफ्यावर बसलेले असतात आणि भिंतीवरच्या त्या वस्तूला हात लावायला कचरतात. ते येण्याआधीच 'लीव्ह'चं तापमान 70 करून ठेवा, रात्रीचं तेवढं उतरू द्या, आणि वर-खालीचे बाण कुठले ते त्यांना पहिल्याच दिवशी दाखवा.